पंचेचाळीस डिग्रीतला गेमिंग पीसी

परवा सेलूला माझा भाचा वहीचं एक पान घेऊन आला. बारावी झाली, आता त्याला स्वतःचा गेमिंग कॉम्प्युटर जुळवायचा आहे. पानावर यादी होती: प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, काचेची कॅबिनेट, सात रंगांत उजळणारे पंखे. बेरीज अठ्ठ्याऐंशी हजार. आणि सगळ्यात खाली, पेन्सिलीनं: "एसएमपीएस - जो बसेल तो."

"मामाजी, पाहा बरं एकदा. आई म्हणते, मामा हो म्हणन तरच पैसे."

ताईचे पैसे म्हणजे यंदाच्या कापसाचे पैसे. तेव्हा मी चष्मा लावून बसलो.

खरं सांगायचं तर त्या शेवटच्या ओळीनंच माझ्या पोटात गोळा आला. २००६ साली मी नागपूरहून पहिला असेंबल्ड कॉम्प्युटर आणला होता. बिलावर एसएमपीएसला वेगळी ओळसुद्धा नव्हती, 'कॅबिनेट विथ एसएमपीएस' एवढंच. लोडशेडिंगचे दिवस. एका दुपारी लाईट गेली, परत आली, आणि फट् असा आवाज झाला. जळका वास. एसएमपीएस गेला तो मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. त्या डिस्कवर बाबांचे शेवटच्या वर्षातले फोटो होते. दुसरी प्रत काढून ठेवायची असते हे मला त्या दिवशी कळलं. दुकानदार म्हणाला, वॉरंटीत लाईटचं येत नाही.

तेव्हापासून माझं एक मत झालंय. कॉम्प्युटरचे भाग निवडताना जे दिसतं त्यावर आपण पैसे घालतो, आणि जे दिसत नाही त्यात वाचवतो. आणि घात तिथंच होतो.

दुसरं असं, की या याद्या आपल्या घरासाठी केलेल्याच नसतात. व्हिडिओतला मुलगा एसीत बसलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. पंख्यानं, अगदी पाण्याच्या कूलिंगनंही, प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होत नाही. तो खोलीच्या वरच राहतो. खोली वीस डिग्रीनं तापली, तर आतलं सगळंही साधारण तेवढंच चढतं. मग चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते, आणि वेगासाठी मोजलेले पैसे दुपारी बारा ते पाच वाया जातात. एसएमपीएसवर '८० प्लस'चा शिक्का असतो, तो चांगलाच. पण ती चाचणी २३ डिग्रीला घेतात. २३ डिग्री सेलूत मे महिन्यात पहाटेही मिळत नाही!

बरं, आपला एसी म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर. त्याच्या झोतासमोर कॉम्प्युटर ठेवला की दमट हवा आणि क्षाराचे कण थेट बोर्डावर. त्यात कापसाच्या दिवसांत घरभर तंतू उडतात, ते पंख्यांत अडकतात. म्हणून काचेची नको, समोर जाळी आणि काढून धुता येईल असा फिल्टर असलेली कॅबिनेट. दिसायला साधी. भाच्याचं तोंड पडलं.

ग्राफिक्स कार्डाचंही तेच. आधी मॉनिटर कोणता ते ठरव म्हटलं. १०८० च्या पडद्यापेक्षा १४४० च्या पडद्यावर जवळजवळ पावणेदोन पट ठिपके रंगवावे लागतात. पडदा १०८० चा आणि कार्ड त्यापुढचं, म्हणजे बैल एक आणि बंडी दोघांची. रॅमचे भाव तर २०२५ च्या शेवटी एआयच्या मागणीमुळे भडकले. तेव्हा आज लागेल तेवढीच घे, पण मदरबोर्ड असा घे की पुढे वाढवता येईल. एएमडीचं एएम-४ सॉकेट २०१६ साली आलं, आणि २०२२ सालीही त्यावर नवे प्रोसेसर येत होते. अशी निवड पैसे वाचवते.

"गेमसाठी कशाला एवढं?" असं ताईलाही वाटतं. मला नाही वाटत. २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली, ई-स्पोर्ट्सना मात्र मान्यता दिली. खेळ आणि जुगार यातला हा फरक घरातल्या मोठ्यांनीही करायला हवा. आणि स्वतःच्या हातानं एक यंत्र जुळवणं हे मला तयार मोबाइल विकत घेण्यापेक्षा कधीही मोठं शिक्षण वाटतं.

आपण तर वर्ध्याची माणसं. १९२९ साली चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं होतं. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत: किंमत दीडशे रुपयांच्या आत, खेड्यातल्या झोपडीत चालेल असा, एका बाईला आठ तास न थकता चालवता येईल असा, वीस वर्षं टिकेल असा, आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर नाही. ते यंत्र कुठल्या घरात बसणार, कोण चालवणार, बिघडलं तर काय, हे सगळं आधी. यंत्र कसलंही असो, यादी अशी करायची असते.

ताईनं चहा देता देता एकच विचारलं, "किती वर्षं चालन रे हा?" भाच्याला प्रत्येक कार्डाचे फ्रेम तोंडपाठ होते, पण याचं उत्तर नव्हतं. तो जरा गप्प झाला.

मग आम्ही नवीन पान घेतलं. चांगल्या कंपनीचा, गरजेपेक्षा थोडा मोठा एसएमपीएस. यूपीएस, तोही वॅट पाहून. ६०० व्हीए लिहिलेला साधारण ३६० वॅटच देतो. जाळीची कॅबिनेट. फोटोंसाठी एक बाहेरची डिस्क, ही माझ्याकडून. ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली आलं. रंगीत पंखा एक ठेवला. वय आहे त्याचं, असू दे.

आणि सगळ्यात वर, पेनानं, त्याच्याच अक्षरात पहिली ओळ: "घराचं अर्थिंग. मीठ-कोळसा घालून खड्डा नवीन करणे."