नऊ वाजले होते, सौदा झाला होता. मग मी फिरलो!

आधी कबुली देऊन टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना ‘हा कोण आला शहाणा’ असं वाटायचं.

गेल्या दिवाळीत नांदगावच्या घरी साफसफाई करताना माळ्यावर आजोबांचा मर्फी रेडिओ सापडला. लाकडी, बंद पडलेला, पण दिसायला एक नंबर. जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी आहे. तिथं लिलाव चालतात. मीही फोटो टाकून लिहिलं, ‘सुरुवात १,०००. रविवारी रात्री ९ ला क्लोज. हायेस्ट बिड फायनल.’

८ वाजून ५८ मिनिटांनी अकोल्याच्या एका पोरानं ४,२०० ची बोली लावली. नऊ वाजले. मी ‘सोल्ड’ लिहिलं, त्यानं अंगठा दिला. विषय संपला.

९:२० ला पुण्याहून एकाचा पर्सनल मेसेज. ‘७,००० देतो. आत्ता जीपे करतो.’

२,८०० रुपयांचा फरक! अमरावतीत रूम करून राहणाऱ्या पोराच्या मेसचा जवळपास महिना निघतो त्यात. मी अकोल्याच्या पोराला लिहिलं, ‘सॉरी भाऊ, खाली उतरवताना पडला. काच फुटली.’ त्याचं उत्तर आलं, ‘अरेरे. तुला तर लागलं नाही ना?’

मी फोन उलटा करून ठेवला.

बाबांना सांगितलं तेव्हा वाटलं होतं, शिव्या पडतील. पण ते आधी हसले. म्हणाले, “बाजारात आमी काय करतो मंग? हर्राशीत भाव पटला नाही तं माल वापस आनतो. कोनी केस करते काय?”

खरंच की! आपल्यापैकी कित्येकांनी बापासोबत बाजार समितीत तुरीच्या नाहीतर सोयाबीनच्या ढिगाशेजारी उभं राहून पाहिलंय. व्यापारी बोली लावत पुढं सरकतात, सगळ्यात वरचा भाव पुकारला जातो, आणि शेतकरी म्हणतो, नाही द्यायचा. २०१६ साली सुरू झालेल्या ई-नामवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन बाजारातही वरची बोली घ्यायची की नाकारायची हे शेतकरीच ठरवतो. मग मी काय वेगळं केलं?

दोन दिवस हा प्रश्न डोक्यात होता. बाबांचं उदाहरण मला सोयीचं होतं, पण लागू नव्हतं. बाजारात शेतकऱ्याचा ‘हो’ ही सौद्याची शेवटची पायरी आहे आणि ते बोली लावणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत असतं. तो नाही म्हणतो तेव्हा सौदा मोडत नाही, कारण सौदा झालेलाच नसतो. मी ‘हायेस्ट बिड फायनल’ लिहून माझा ‘हो’ आधीच देऊन बसलो होतो. मला कमीत कमी ६,००० हवे होते तर तसं लिहायचं होतं. राखीव किंमत नावाची गोष्ट त्यासाठीच असते. पण ती लिहिली की बोल्या कमी येतात. मला गर्दीही हवी होती आणि पळवाटही.

कायदाही या बाबतीत बऱ्यापैकी सरळ आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ सांगतं की, हातोडा पडला किंवा रूढ असलेल्या दुसऱ्या पद्धतीनं लिलाव संपल्याचं जाहीर झालं की विक्री पूर्ण. त्याआधी बोली लावणारा आपली बोली मागं घेऊ शकतो. १९३० मध्ये व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, पण माझ्या मते आमच्या ग्रुपवर नऊचा ठोका आणि ‘सोल्ड’ हाच हातोडा.

ऑस्ट्रेलियात तर एक भारी केस झाली. एकानं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं विरावे जातीचं विमान ईबेवर लिलावाला लावलं. दीड लाख डॉलरची राखीव किंमत एकानं गाठली, वेळ संपली. विकणाऱ्यानं मात्र दुसऱ्या गिऱ्हाइकाशी एक लाख डॉलर जास्तीनं आधीच बोलणं केलं होतं, म्हणून तो फिरला. माझाच किस्सा, फक्त रेडिओच्या जागी विमान! २००७ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या कोर्टानं सांगितलं, करार झालेला आहे, विमान देऊन टाका.

हातोडा पडायच्या आधी फिरणंही दरवेळी जमतं असं नाही. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचा चष्मा, चपला, घड्याळ, ताट-वाटी लिलावात आली. भारतात ओरड झाली, आणि मालक जेम्स ओटिस यांनी ऐनवेळी जाहीर केलं की मला विकायचं नाही. लिलाव कंपनीनं लिलाव थांबवला नाही. विजय मल्ल्यांची १८ लाख डॉलरची बोली शेवटची ठरली. ओटिस यांचं कारण माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं, तरीही.

आता तुम्ही म्हणाल, ४,२०० रुपयांसाठी कोण कोर्टात जातं? कोणीच नाही. २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक नियमसुद्धा, कधीमधी घरातली वस्तू विकणाऱ्या साध्या माणसाला लागू होत नाहीत. म्हणजे मला कोणी काही करू शकत नव्हतं. ग्रुपच्या अ‍ॅडमिननंही काही केलं नाही. हेच मला जास्त खटकतं.

आपल्याच भागातली एक गोष्ट सांगतो. नांदगावहून फार लांब नसलेल्या कारंज्याचं नाव देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून घेतलं जातं, साल १८८६. मग १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. त्या काळी बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे. शेतकऱ्याला कळायचंच नाही की बोटांत काय चाललंय. सगळ्यांसमोर पुकारून बोली हवी, ती त्यासाठी. आणि मी काय केलं? सगळ्यांसमोर झालेली हर्राशी इनबॉक्सच्या रुमालाखाली फिरवली.

फिरूच नये असं मी म्हणत नाही. घरच्यांना न विचारता वस्तू लिलावाला लावली आणि आईनं अडवलं. किमतीत एक शून्य कमी पडलं. वस्तू खरंच फुटली. होतं असं. तेव्हा जे झालं ते ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहा, पैसे आले असतील तर त्याच दिवशी परत करा, समोरच्याचा खर्च झाला असेल तर तो द्या. तो चिडेल. त्याला चिडू द्या.

बाबांनी हसून झाल्यावर एवढंच विचारलं होतं, “थ्या पोट्ट्याले तू हो म्हनलं होतं काय?” मी हो म्हटलं. ते तुरीच्या फवारणीला निघून गेले.

रेडिओ पुण्याला गेला, ७,००० आले, खर्चही झाले. महिनाभरानं पुण्याच्या त्या माणसानं ग्रुपवर पॉलिश केलेल्या रेडिओचा फोटो टाकला. अख्खी काच चमकत होती. अकोल्याच्या पोरानं खाली अंगठा दिला, मला काहीच लिहिलं नाही. त्या रात्री मी त्याला सगळं खरं लिहून पाठवलं. दोन निळ्या टिक आल्यात.