फेंटानिलच्या आड

अमेरिकेत अमली द्रव्यांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंची चर्चा निघाली की आता एकच नाव पुढे येते, फेंटानिलचे. मग मेक्सिकोतल्या टोळ्या येतात, सीमेवरची तस्करी येते. यात खोटे काही नाही. २०२२ मध्ये तिथे अतिसेवनाने सुमारे १ लाख ८ हजार माणसे दगावली. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक मृत्यूंत फेंटानिल किंवा तत्सम कृत्रिम अफूसदृश द्रव्य होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या अफूजन्य वेदनाशामकांचा संबंध असलेले मृत्यू त्या वर्षी १५ हजारांच्या आत होते. त्यावरून असे म्हटले जाते की गोळ्यांचा प्रश्न मागे पडला, आता झुंज तस्करांशी आहे. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि ज्यांनी हे संकट उभे केले त्यांच्या फार सोयीचा आहे.

मेलेल्या माणसाच्या शरीरात जे सापडले ते दाखल्यावर लिहिले जाते. त्याला अफूची सवय प्रथम कोणी लावली, हा रकाना त्या दाखल्यात नसतो.

तो रकाना भरायचा तर १९९६ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणले. आत ऑक्सिकोडोन, म्हणजे अफूच्याच कुळातले द्रव्य. ते हळूहळू शरीरात मिसळते, त्यामुळे गैरवापराची शक्यता कमी असावी असे मानले जाते, असे वाक्य अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधाच्या माहितीपत्रकात मंजूर केले. मानले जाते! लाखो रुग्णांच्या जिवाशी संबंधित विधानाला एवढा आधार पुरला. गोळी चुरडली की सगळे द्रव्य एकदम मोकळे होते, हे लोकांना कळायला वेळ लागला नाही.

कंपनीच्या प्रतिनिधींनी दवाखान्यांतून सांगितले की या गोळ्यांचे व्यसन क्वचितच लागते. त्या काळात अशा दाव्यांसाठी वारंवार पुढे केला जाणारा पुरावा म्हणजे १९८० साली एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात छापलेले पाच वाक्यांचे पत्र. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी चौघांनाच व्यसन जडल्याची नोंद आढळली, एवढेच त्यात होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्या पाठदुखीच्या रुग्णाबद्दल त्यात अक्षरही नव्हते. पुढे २०१७ मध्ये त्याच नियतकालिकाने छापलेल्या पाहणीत दिसले की या पत्राचा हवाला ६०८ वेळा दिला गेला, आणि ते रुग्ण रुग्णालयातले होते हे दहातल्या आठ लेखकांनी सांगितलेच नाही. विद्वानांचा हा निष्काळजीपणा कंपनीच्या लोभाइतकाच मला अक्षम्य वाटतो.

मग गोळ्यांचा पूर आला. वेस्ट व्हर्जिनियातील कर्मिट हे जेमतेम चारशे वस्तीचे गाव. तिथल्या एका औषध दुकानाला दोन वर्षांत हायड्रोकोडोन या अफूजन्य वेदनाशामकाच्या सुमारे ९० लाख गोळ्या पुरवल्या गेल्या. पुरवठादारांचे परवाने होते, दुकानाचा परवाना होता. चोरवाटेची गरजच पडली नाही.

अफूजन्य द्रव्याची चाल सोपी आणि भयंकर आहे. मेंदूतले श्वास चालवणारे केंद्र ते मंदावते. शरीराला सराव झाला की डोस वाढवावा लागतो. मध्ये खंड पडला तर सराव उतरतो आणि कालपर्यंत सोसलेला डोसच जीव घेतो. सोबत झोपेची गोळी किंवा दारू असली तर आणखी लवकर. २०१० मध्ये ऑक्सिकॉन्टिनची गोळी सहज चुरडणार नाही अशी बनवली गेली, तोवर सवय जडलेल्यांचा मोठा वर्ग तयार झालेला होता. तो हेरॉइनकडे वळला. हेरॉइनमागून फेंटानिल आले. या शतकाच्या पहिल्या दशकात हेरॉइनपर्यंत पोचलेल्या व्यसनींपैकी सुमारे तीन चतुर्थांशांची सुरुवात चिठ्ठीवरच्या गोळीपासून झाली होती. तस्करांना गिऱ्हाईक आयते मिळाले.

आणि शिक्षा? दिशाभूल करून विक्री केल्याचा गुन्हा पर्ड्यूने २००७ मध्ये कबूल केला. कंपनी आणि तिचे तीन अधिकारी यांना मिळून ६३ कोटी डॉलरहून अधिक दंड झाला, तुरुंगात कोणी गेले नाही. त्यानंतरच्या दशकात मालक सॅकलर कुटुंबाने कंपनीतून सुमारे ११ अब्ज डॉलर काढून घेतले.

आपल्याकडे याचा अर्थ 'मॉर्फिन नको' असा लावला जाऊ नये. नीमच आणि गाझीपूरला सरकारी अफू कारखाने असलेल्या या देशात, १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धास्तीने कर्करोगाचे रुग्ण वर्षानुवर्षे मॉर्फिनविना तळमळत मेले. २०१४ मध्ये तो कायदा सैल झाला, तरी अनेक जिल्ह्यांत हे औषध आजही सहज मिळत नाही. ते मिळायलाच हवे.

पण महाराष्ट्राने कर्मिटकडे पाहावे असे दुसरे कारण आहे: परवान्यानिशी वाहणाऱ्या गोळ्या. मुंबईच्या एव्हिओ फार्मास्युटिकल्सने बनवलेल्या टॅपेंटाडॉल हे अफूसदृश वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारे औषध यांच्या मिश्र गोळ्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर नशेसाठी विकल्या जात असल्याचे बीबीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये दाखवले. हे मिश्रण भारतात विकायला मंजुरीच नव्हती, बाहेर पाठवायला मात्र होती. बातमीनंतर दोन-तीन दिवसांत निर्यात परवानगी रद्द झाली आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने उत्पादन थांबवले. जे काम दोन-तीन दिवसांत झाले, त्यासाठी परदेशी पत्रकाराचा छुपा कॅमेरा का लागला, हे प्रशासनाने सांगावे. आणि बंदीपूर्वी अशा किती गोळ्या, कोणाच्या सहीने, कोणत्या बंदरातून गेल्या याचा वर्षवार हिशेब जाहीर करावा.