जयंतीचे १८ तास आणि सुट्टीचे २४ दिवस

१४ एप्रिल झाली. यंदाही अनेक वसतिगृहांत, महाविद्यालयांत आणि विहारांत सलग १८ तास अभ्यासाचे उपक्रम झाले. बाबासाहेबांना वाचनातून अभिवादन करण्याची ही प्रथा आपल्या चळवळीचे भूषण आहे. पण दुसऱ्या दिवशी सतरंज्या गुंडाळल्या जातात, विहाराला कुलूप लागते आणि पंधरवड्यात शाळांना उन्हाळी सुट्टी लागते. मग शाळा उघडेपर्यंत आपल्या वस्तीतल्या किती मुलांच्या हातात पुस्तक असते?

ज्यांना परवडते त्यांची मुले शिबिरांना, छंदवर्गांना जातात. आपल्याकडे आईवडील कामावर, मोठी बहीण धाकट्या भावंडांपाशी आणि बाकीचे मोबाइलवर. जूनमध्ये हीच मुले वाचताना अडखळतात आणि शिक्षक त्यांना 'कच्ची' ठरवतात. ही दरी बुद्धीची नसून सुट्टीत मिळणाऱ्या संधीची आहे.

ही संधी देणे हे सार्वजनिक ग्रंथालयाचे काम आहे. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. मात्र आपल्याकडची बहुतेक गावोगावची ग्रंथालये सरकार स्वतः चालवत नाही. ती संस्था चालवतात आणि सरकार त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान देते. २०२२ मध्ये या अनुदानात ६० टक्के वाढ झाली. ऐकायला आकडा मोठा आहे. प्रत्यक्षात सर्वांत खालच्या 'ड' वर्गाचे अनुदान वर्षाला ३० हजारांवरून ४८ हजार झाले. म्हणजे महिन्याला ४ हजार रुपये! यात ग्रंथपालाचे मानधन, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि नवी पुस्तके. मुलांसाठी उन्हाळी उपक्रम घ्यायला उरते काय? कर्नाटक, तमिळनाडूसारख्या राज्यांत ग्रंथालय उपकर आहे. आपल्या कायद्यात तो नाही. कर्नाटकने तर २०२० पासून ग्रामपंचायत ग्रंथालयांत मुलांना मोफत सभासदत्व देऊन वाचनाची मोहीम चालवली. पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने याचा विचार करायला हवा.

पण सरकारकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. वस्तीत ग्रंथालय मागताना आपण बहुधा अभ्यासिका मागतो. एमपीएससी, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांना ती हवीच. मात्र दहा वर्षांच्या मुलीला तिथे जागा नसते. तिने मोठ्याने वाचले तर 'शांतता राखा' ही पाटी दाखवली जाते. वाचनाची गोडी लागायच्या वयात दार बंद आणि परीक्षेच्या वयात उघडे, हा क्रम उलटा आहे. कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी विद्यार्थी भीमरावांच्या हाती स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले, ते कोणत्या परीक्षेसाठी नव्हते. त्या एका पुस्तकापासून सुरू झालेली वाट पुढे १९५६ च्या दीक्षाभूमीपर्यंत पोहोचली.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. १८ तास एका दिवसात संपवू नका, ते सुट्टीत पसरा. रोज पाऊण तास, असे २४ दिवस. बेरीज १८ तासच होते.

जागा विहाराची किंवा जवळच्या ग्रंथालयाची. वेळ सकाळची, उन्हाच्या आधी. मुलींना धाकट्या भावंडांसह येऊ द्या, नाहीतर त्या येणारच नाहीत. एका मोठ्याने गोष्ट वाचावी, मग मुलांनी आपापले पुस्तक घ्यावे आणि शेवटी दोघांनी काय वाचले ते सांगावे. परीक्षा नको, गुण नकोत. पुस्तके घरी न्यायला द्या. एखादे फाटेल, हरवेल. कपाटात वाळवी लागण्यापेक्षा ते बरे. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तके स्वस्तात मिळतात. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढला तरी एक पेटी भरते.

पैशाचा दुसरा मार्ग हक्काचा आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर आणि १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. १ मे रोजी ग्रामसभा असते. तिथे तरुणांनी उभे राहून विचारावे, या रकमेतून मुलांसाठी किती पुस्तके घेतली? उत्तर लेखी मागावे. शहरात हाच प्रश्न नगरसेवकाला आणि प्रभाग कार्यालयाला विचारावा. शासनमान्य ग्रंथालय जवळ असेल तर तिथल्या बालविभागाचे कपाट शेवटचे कधी उघडले, हेही पाहून यावे.

राजगृह बांधताना बाबासाहेबांनी ग्रंथांच्या जागेचा विचार आधी केला. आपण निदान विहाराचा एक कोपरा तरी मुलांच्या पुस्तकांना देऊ. बुद्ध पौर्णिमा याच सुट्टीत येते. त्या दिवशी खीरदान होईलच. सोबत प्रत्येक मुलाच्या हातात एक पुस्तक पडावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहाराचे कुलूप उघडावे. चावी कोणाकडे राहील, एवढे मात्र आजच ठरवा.