मांजरीच्या पिलाचे ऑपरेशन: आधी घराची तयारी

मांजर पाळणाऱ्या घरांतून आम्हांला हल्ली एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. पिलू चार-पाच महिन्यांचे झाले, नसबंदी करायचे ठरले, तर आपण काय तयारी करायची? डॉक्टर त्यांचे काम करतीलच. पण ऑपरेशन सुखरूप पार पडणे हे आदल्या रात्री आणि त्या सकाळी आपल्या घरात काय घडते, यावरही अवलंबून असते.

त्याआधी अनेकांच्या मनात असलेली शंका. मुक्या जनावराची नसबंदी जायज आहे का? यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत. फतावा आलमगिरीत मांजराच्या खच्चीकरणाचा मसला आला आहे. त्यात फायदा होत असेल किंवा नुकसान टळत असेल तर हरकत नाही, असे म्हटले आहे. शाफई मजहबात याबाबत अधिक सक्ती आहे. म्हणून कोकणातल्या घरांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. नुकसान कोणते, ते मात्र आपण मोहल्ल्यात पाहतोच. भाटी ४ ते ५ महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, गाभण राहिल्यावर सुमारे ९ आठवड्यांत विते आणि पिले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. मग कुणीतरी ती पिले पिशवीत घालून मासळी बाजारात सोडून येतो. मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या, तिला खायला न देणाऱ्या आणि तिचे तिला शोधून खाऊही न देणाऱ्या बाईला अजाब झाल्याची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. मांजर घरात घेतले की त्याचा जीव आपल्याकडे अमानत असतो, एवढे त्यातून नक्की कळते.

आता तयारीकडे वळू. ऑपरेशनच्या दोन-तीन आठवडे आधी पिलाला डॉक्टरांना दाखवून आणावे. वजन निदान एक किलोच्या वर असावे. जंताचे औषध झालेले असावे. मांजरांच्या आजारांची एकत्रित लस साधारण ८ आठवड्यांच्या वयात सुरू होते, पुढचा डोस ३ ते ४ आठवड्यांनी असतो आणि रेबीजची लस तीन महिन्यांनंतर देतात. कोणती लस केव्हा दिली ते वहीत लिहून सोबत न्यावे. पिलू शिंकत असेल, डोळे गळत असतील, जुलाब होत असतील तर तारीख पुढे ढकलावी. आठ दिवस उशीर झाला तरी चालेल, आजारी पिलाला भूल देणे धोक्याचे.

नेण्यासाठी जाळीच्या दाराची टोपली किंवा पिंजरा घ्यावा आणि तो आठवडाभर आधीच घरात उघडा ठेवावा. आत त्याच्या झोपण्याचे जुने कापड अंथरावे, कधी तिथेच खायला द्यावे. मग त्या दिवशी ओढाताण होत नाही. पोत्यात किंवा पिशवीत बांधून नेऊ नये. दोन पिले असतील तर दोन टोपल्या.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट उपाशी ठेवण्याची. पोटात अन्न असताना भूल दिली तर उलटी होऊन ती फुफ्फुसात जाऊ शकते, म्हणून हा उपास. पण हा रोजा नव्हे. मोठ्या मांजराला ६ ते ८ तास उपाशी ठेवतात. चार महिन्यांच्या पिलाला मात्र साधारण २ ते ४ तास पुरे होतात, कारण त्याच्या अंगात साठा थोडा असतो. रात्रभर उपाशी ठेवले तर रक्तातली साखर उतरते आणि भुलीतून जाग यायला त्रास होतो. नेमके किती वाजता शेवटचे खायला द्यायचे, हे डॉक्टरांना घड्याळाची वेळ म्हणून विचारावे. पाणी साधारणपणे घरातून निघेपर्यंत पुढ्यात राहू द्यावे. दूध मात्र पाणी नव्हे, ते खाण्यातच धरावे.

हे पाळायचे तर सगळ्या घराला सांगावे लागते. आदल्या संध्याकाळी खिडक्या लावून पिलाला आतच ठेवावे, बाहेर गेले की ते काय खाऊन येईल याचा नेम नाही. सुके बोंबील डब्यात, कालवणाचे भांडे झाकून, दुसऱ्या मांजराची ताटली उचलून ठेवावी. दादी-नानींना आवर्जून सांगावे, कारण सकाळी चहाबरोबर दुधाचा घोट मांजरालाही देण्याची त्यांची सवय असते.

आणि मुलांना. शिक्षक म्हणून आमचा अनुभव असा, की नुसते "देऊ नकोस" म्हटले की मूल लपून देते आणि ओरडा बसेल म्हणून सांगत नाही. त्याला कारण समजावून सांगावे. आणि हेही सांगावे, की चुकून काही दिलेच तर आम्ही रागावणार नाही, फक्त लगेच सांग. बिस्किटाचा तुकडा जरी पोटात गेला असला तरी डॉक्टरांना तसे सांगावे. ते वेळ बदलतील किंवा दुसरा दिवस देतील. लपवलेला तुकडा पिलाच्या जिवावर बेतू शकतो.

परत आल्यावर पिलाला शांत, उबदार खोलीत जमिनीवरच ठेवावे. पलंगावरून किंवा कपाटावरून ते गुंगीत पडू शकते. नीट शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे थोडेसे खायला द्यावे. मातीऐवजी काही दिवस कागदाचे तुकडे घालावेत, म्हणजे जखमेला काही चिकटत नाही. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कॉलर राहू द्यावी. १० ते १४ दिवस उड्या आणि आंघोळ बंद. जखमेवर हळद, तेल, फिनेल काही लावू नये. पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नये, माणसाच्या एका गोळीने मांजर दगावू शकते. बोका असेल तर पुढचा महिनाभर त्याला माजावरच्या भाटीपासून दूर ठेवावे, कारण नसबंदीनंतरही काही आठवडे तिला त्याच्यापासून गर्भ राहू शकतो.

दुसऱ्या दिवशीही पिलू खात नसेल, हिरड्या पांढऱ्या दिसत असतील, जखमेतून रक्त येत असेल किंवा ती उघडली असेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. तो नंबर ऑपरेशनच्या आधीच फ्रिजवर चिकटवून ठेवावा. अल्लाह आपल्याला या अमानतीची जाण देवो. आमीन.