निम्म्या मापाचा साज, पुऱ्या मोलाचा पुरावा

१/ प्रतिकृतीच्या घोड्यावर चढवलेला साज म्हणजे खेळण्यातली हौस, असे मानले जाते. चीनमधील एका शोधाने हा समज मोडीत काढला आहे.

२/ १९८० साली शिआनजवळ, सम्राट चिन शी ह्वांग याच्या समाधीच्या टेकडीलगत कांस्याचे दोन रथ सापडले. प्रत्येकाला चार घोडे. माप खऱ्याच्या निम्मे. रथांचा चुराडा झाला होता; ते जुळवण्यात वर्षे गेली.

३/ समाधीच्या पूर्वेकडील प्रसिद्ध मृण्मय सेनेतील घोडे पूर्ण आकाराचे आहेत. परंतु त्यांच्या रथांचे लाकूड आणि साजाचे चामडे दोन हजार वर्षांत कुजून गेले.

४/ कांस्यरथांच्या कारागिरांनी मात्र चामडी पट्टेही धातूत घडवले. सोन्याचांदीच्या बारीक नळ्या गुंफून त्यांनी लगामाचे पट्टे केले. मधल्या दोन घोड्यांच्या मानेवर जू आहे. कडेचे दोन केवळ ओढीच्या दोरांनी रथाला जोडलेले आहेत. चार घोड्यांत ओढ कशी वाटली जाई, हे येथे डोळ्यांना दिसते.

५/ हे रथ सम्राटाच्या मरणोत्तर प्रवासासाठी होते, अभ्यासकांसाठी नव्हते. तरीही कारागिराने एकही पट्टा गाळला नाही, म्हणूनच ते पुरावा ठरले.

६/ आज बोटभर खोगीर शिवणाऱ्यालाही तंग कोठे आवळावा, हे ठाऊक असावे लागते. ज्या प्रतिकृतीत ही जाण आहे तिला खेळणे म्हणून बाजूला सारणे हा इतिहासावर अन्याय आहे. संग्रहालयांनी घोड्याइतकीच त्याच्या साजाचीही तपशीलवार नोंद ठेवावी.