कॅमेरा सुरू, दप्तर बंद

जुलै लागला की महाविद्यालयांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक सूचनापत्र फिरू लागते. तासाला पाच मिनिटे आधी हजर राहा. कॅमेरा सुरू ठेवा, माइक बंद ठेवा. नाव आणि हजेरी क्रमांक पूर्ण लिहा. स्वाध्याय मुदतीत अपलोड करा, उशिरा आलेला स्वीकारला जाणार नाही. ऑनलाइन अभ्यासक्रम वाणिज्याचा असो, मानसशास्त्राचा असो की इतिहासाचा. पत्रक तेच, वरचे विषयाचे नाव तेवढे बदललेले. इतिहास घेतलेल्याने तो पडद्यासमोर बसून कसा शिकायचा, याबद्दल त्यात एक ओळही नसते. हजेरीची काळजी सगळ्यांना, अभ्यासाची कोणालाच नाही, असा हा मामला आहे.

आता हा मामला किरकोळ राहिलेला नाही. केंद्र सरकारने ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू केले. सत्रातल्या २० टक्के अभ्यासक्रमांपुरतीच तेव्हा असलेली ऑनलाइन शिकण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ४० टक्क्यांवर नेली. म्हणजे पाच विषयांपैकी दोन विषय फळ्यासमोर न बसता, फोनवर शिकून त्यांचे श्रेयांक मिळवता येतात. गडचिरोलीच्या किंवा दोडामार्गच्या मुलीला दिल्लीतल्या प्राध्यापकाचे व्याख्यान घरबसल्या ऐकता यावे, ही गोष्ट चांगलीच आहे. दूरशिक्षण मराठीला नवेही नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरदारांना आणि गृहिणींना मराठी पुस्तिका देऊन पदवीपर्यंत नेत आले आहे. त्या पुस्तिका मराठीत होत्या. आजची व्याख्याने बहुतांशी इंग्रजीत किंवा हिंदीत आहेत. साधन पुढे गेले आणि भाषा मागे राहिली. त्याचा इतिहासाच्या विद्यार्थ्याला कसा फटका बसतो, ते पुढे येईलच.

व्यवहाराच्या दोन गोष्टी आधी उरकू. अभ्यासक्रमाला नाव नोंदवले म्हणजे परीक्षेचा अर्ज भरला गेला, अशी अनेकांची समजूत असते. तसे नसते, शिकणे फुकट असले तरी परीक्षेची नोंदणी वेगळी आणि तिचे शुल्कही वेगळे. शिवाय आपण निवडलेल्या अभ्यासक्रमाचे श्रेयांक आपले महाविद्यालय धरणार आहे का, हे नाव घालण्याआधीच विभागप्रमुखांकडून लेखी विचारून घ्यावे. सत्र संपल्यावर प्रमाणपत्र हातात घेऊन कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहण्यात काही अर्थ नसतो. आणि कॅमेऱ्याची सक्ती सोडून द्यावी, असे आमचे मत आहे. एका खोलीत पाच माणसे राहतात, फोन वडिलांचा आहे, तो संध्याकाळी सातनंतरच हाती येतो. अशा घरातल्या मुलीचा चेहरा दिसला नाही म्हणून तिची गैरहजेरी मांडणाऱ्याने त्या घरी एकदा जाऊन यावे.

खरा प्रश्न पुढचा आहे. ऑनलाइन इतिहासाने विद्यार्थ्याला काय दिले? व्याख्यान दिले, हे सगळे सांगतात. त्याहून मोठी गोष्ट कोणी बोलत नाही: त्याने दप्तर दिले. पाठीवरचे नव्हे, पेशवे दप्तरातले दप्तर, म्हणजे जुने कागद. इतिहासाचार्य राजवाडे कागदांच्या शोधात गावोगाव फिरले, वाड्यांच्या माळे-कोठारांत शिरले, कागद दाखवा म्हणून लोकांच्या मिनतवाऱ्या केल्या. त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे ती बावीस खंडांपर्यंत गेली. त्यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले तेही हे कागद वाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून. गो. स. सरदेसाईंनी १९३०च्या दशकात पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापून काढले. एक काळ असा होता की हे खंड पाहायचे तर पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत ओळखीची चिठ्ठी घेऊन जावे लागे. आज त्यांतले बरेचसे ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर स्कॅन होऊन पडले आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटला’वर सरकारी कागद पाहता येतात, राज्याचे गॅझेटियर घरी बसून चाळता येतात. राजवाड्यांना ज्यासाठी मैलोगणती पायपीट करावी लागली, ते दोन रुपयांच्या डेटात उतरवून घेता येते. आणि आपण मुलांना सांगतो काय, तर कॅमेरा सुरू ठेवा.

म्हणून इतिहासाच्या ऑनलाइन विद्यार्थ्यासाठी सूचनापत्र लिहायचेच असेल, तर त्याची पहिली ओळ अशी असावी: प्रत्येक व्याख्यानानंतर त्यात आलेला एक तरी कागद स्वतः उघडून पाहा. व्हिडिओ दुप्पट वेगाने ऐकला तरी चालेल, कागद मात्र हळू वाचा.

साधी तारीख घेऊ. शिवाजी महाराजांचा जन्म कधीचा? मोबाइलला विचारले की १९ फेब्रुवारी १६३०. घरातले जुने पुस्तक उघडले तर वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे एप्रिल १६२७. यातले खरे कोणते, असे विचारून विद्यार्थी थांबला तर इतिहास तिथेच संपला. त्याने विचारायला हवे की कोण म्हणते, कशावरून म्हणते आणि ते किती नंतर लिहिले आहे. मग त्याला जेधे शकावली ही जुन्या तिथी-घटनांची यादी भेटते. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली आणि तिच्यातल्या फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या नोंदीमुळे जुनी तारीख डळमळली. कवी परमानंदाचे ‘शिवभारत’ हे काव्य त्या नोंदीला दुजोरा देते. आता शकाचे इसवी सन करायचे. शकात ७८ मिळवायचे, असे शाळेत शिकवलेले असते. १५५१ अधिक ७८ म्हणजे १६२९. मग १६३० कुठून आले? शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते. फाल्गुन हा शेवटचा महिना, तो येईपर्यंत इसवी सन बदललेले असते. म्हणून तिथे ७९ मिळवायचे.

एवढ्यावरही भागत नाही. ही १९ फेब्रुवारी जुन्या ज्यूलियन पंचांगाची आहे, आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस १ मार्चला पडतो. पोर्तुगालने नवे पंचांग १५८२ सालीच स्वीकारले, इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनेच चालवले. त्यामुळे सतराव्या शतकातली एकच घटना गोव्याच्या पोर्तुगीज कागदात एका तारखेला आणि सुरतेच्या इंग्रजी वखारीत दहा दिवस आधीच्या तारखेला सापडू शकते. वर इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. म्हणून जानेवारी १६६४ मधली महाराजांची सुरतेवरची स्वारी त्यांच्या कागदांत १६६३च्या खाली दिसली तर गोंधळू नये. एका तारखेच्या मागे तीन पंचांगे आणि चार साक्षीदार उभे असतात. हे ज्याला एकदा कळले, त्याला पुन्हा कोणी नुसती तारीख तोंडावर फेकून गप्प करू शकत नाही. विद्यार्थ्याच्या वहीत (वहीतच; फोनमधल्या शंभर स्क्रीनशॉटचे पुढे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे) प्रत्येक नोंदीपुढे मूळ कागदातली तिथी-सन जशीच्या तशी आणि मग रूपांतर, अशा दोन रकान्यांची सवय लागली तरी सत्र कारणी लागले म्हणायचे.

भाषेचे तसेच. इंग्रजी व्याख्यानात ‘फ्यूडलिझम’ येते, खाली यंत्राने केलेल्या मराठी ओळीत ‘सरंजामशाही’ उमटते, विद्यार्थी ते उतरवून घेतो. पुढच्या आठवड्यात पेशवाईचा पाठ लागतो आणि त्यात शिंदे-होळकरांचे सरंजाम येतात. फौज बाळगण्यासाठी लावून दिलेल्या महसुलाला मराठी राज्यात सरंजाम म्हणत. युरोपातल्या जमीनदार-कुळांच्या व्यवस्थेशी त्याची सांगड घालताना इतिहासकारांनी बरेच वाद घातले आहेत. विद्यार्थ्याच्या वहीत मात्र दोन्ही एकच झालेले असते. ‘स्वराज्य’ या शब्दाचे काय होते पाहा. १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून सनदा आणल्या त्या स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या. तिथे स्वराज्य म्हणजे छत्रपतींचा मूळ मुलूख, चौथाई जिथून घ्यायची त्या परमुलखाहून वेगळा. होमरूल चळवळीच्या काळात टिळकांनी हाच शब्द वापरला तेव्हा त्याच्यावर दोनशे वर्षांची पुटे चढली होती. शब्द तोच आहे म्हणून अर्थ तोच धरणे ही इतिहासात सर्वांत सोपी आणि सर्वांत महाग पडणारी चूक. मराठी विद्यार्थ्याला येथे खरे तर एक फायदा आहे: मूळ शब्द त्याच्या घरचा आहे, दिल्लीच्या व्याख्यात्याच्या नाही. तो फायदा त्याने घ्यावा. इंग्रजी संज्ञा ऐकली की आपल्या कागदांत तिला काय म्हणत, हे शोधावे. व्याख्यात्यालाही ते कळवावे. त्यालाही नवे काही शिकू द्यावे.

आता चॅटबॉट. त्याच्यावर बंदी घालणारी परिपत्रके निघाली, त्याच्याकडूनच लिहून घेतलेली वाटावीत इतकी ती गुळगुळीत होती. बंदीने काही होणार नाही. त्यापेक्षा विद्यार्थ्याला बखर म्हणजे काय, ते नीट शिकवावे. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांची बखर लिहिली ती १६९४च्या सुमारास जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. शिवाजी महाराजांना जाऊन तेव्हा चौदा-पंधरा वर्षे झाली होती आणि लिहिणारा त्यांच्या पदरी राहिलेला होता. मल्हार रामराव चिटणिसांची बखर १८१०च्या सुमाराची, म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरची. दोन्ही वाचनीय, पण दोन्हींना एका तागडीत कोणी तोलत नाही. चॅटबॉट ही तिसरी बखर आहे: ओघवती, ठाम, कोणी लिहिली आणि कशावरून लिहिली याचा पत्ता नसलेली. तिच्यातून प्रश्न घ्यावेत, पुरावा घेऊ नये. ती ‘राजवाडे, खंड अमुक, लेखांक तमुक’ असा दाखला देते तेव्हा तो खंड उघडून तो लेखांक काढावा. कधी तो सापडतो. कधी त्या क्रमांकाखाली कुण्या गावच्या पाटीलकीचा तंटा निघतो.

उचलेगिरीबाबत आयोगाचे २०१८चे नियम आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत चालते, त्यापुढे शिक्षेच्या पायऱ्या. विद्यार्थ्यांनी या टक्केवारीचाच खेळ केला आहे. शब्द फिरवायचे, वाक्ये उलटी करायची, इंग्रजी लेखाचे मराठी करून आपल्या नावावर खपवायचे आणि यंत्राने ९ टक्के दाखवले की निःश्वास टाकायचा. दुसऱ्याचा विचार भाषांतरातून आणला तरी तो दुसऱ्याचाच राहतो. इतिहासाला तर तळटीप म्हणजे प्रामाणिकपणाचा दाखला नसून कामाचे अवजार आहे: दुसऱ्याने त्या वाटेने जाऊन आपली चूक काढता यावी म्हणून ती असते.

ऑनलाइन वर्गातल्या चर्चेचा विषय मात्र नाजूक आहे. चार भिंतींच्या वर्गात एखादा मुलगा धिटाईने, चुकीच्या शब्दांत, एखाद्या राष्ट्रपुरुषाबद्दल प्रश्न विचारतो. शिक्षक तो दुरुस्त करतात आणि तास संपतो. ऑनलाइन वर्गात त्या प्रश्नाचा स्क्रीनशॉट निघतो, रात्रीतून गावातल्या गटांवर जातो, सकाळी त्याच्या दारात माणसे उभी राहतात. महाराष्ट्राला हे सांगायला नको. ५ जानेवारी २००४ रोजी एका पुस्तकाच्या रागातून पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि ज्या पोथ्या-ग्रंथांचा त्या पुस्तकाशी काडीचा संबंध नव्हता, त्यांची नासधूस झाली. तेव्हा वर्गातली चर्चा वर्गाबाहेर नेणाऱ्यावर कारवाई होईल, हे कलम कॅमेऱ्याच्या कलमाच्या आधी हवे. प्रश्न विचारणाऱ्याला संरक्षण नसेल तर विद्यार्थी फक्त हात जोडलेली आणि अंगठा वर केलेली चित्रे पाठवतील.

राहिली परीक्षा. साधारणपणे ३० गुण सत्रातल्या चाचण्यांना, ७० अंतिम परीक्षेला. आणि विचारायचे काय? पानिपतची तिसरी लढाई कधी झाली, खाली चार पर्याय. १४ जानेवारी १७६१ वर टिचकी मारली की गुण जमा. ज्या अभ्यासक्रमाचा शेवट असा, तिथे विद्यार्थी जेधे शकावली कशाला उघडेल? त्याच पेपरात राजवाड्यांच्या पहिल्या खंडातले, १७५० ते १७६१ मधल्या पत्रांपैकी एखादे पत्र छापावे. लिहिणारा कोण, तो कोणत्या पक्षाचा, त्याला काय दिसत होते आणि काय लपवायचे होते, हे अर्ध्या पानात लिहायला सांगावे. पुस्तक उघडे ठेवू द्यावे, फोनही राहू द्यावा. अशा उत्तराची नक्कल करणे अभ्यास करण्यापेक्षा अवघड असते.

अशी उत्तरे यंत्राला तपासता येत नाहीत. ती वाचायला शिक्षक लागतो, तासिका तत्त्वावर तीन गावांच्या तीन महाविद्यालयांत एसटीने फिरून संध्याकाळी ऑनलाइन तासही घेणारा नव्हे, तर बसून वाचण्याइतका वेळ आणि वेळेवर पगार असलेला. विद्यार्थ्यांच्या सूचनापत्रात नवे कलम घालण्याआधी विद्यापीठांनी आपापल्या इतिहास विभागांतल्या रिकाम्या जागांची यादी त्याच व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकावी.