भाड्याला हजर, पाण्याला गैरहजर

शिरूर तालुक्यातले शिक्रापूर गरीब गाव नाही. पुणे-नगर रस्त्याला चाकणचा रस्ता येऊन मिळतो तिथे ते वसले आहे. एका अंगाला सणसवाडी आणि कोरेगाव भीमा, दुसऱ्या अंगाला रांजणगावची औद्योगिक वसाहत. पूर्वी एकराने विकली जाणारी जमीन इथे आता गुंठ्याने विकली जाते आणि गुंठ्याचा भाव सांगताना सांगणाऱ्याची मान ताठ होते. या गावात आणि आसपासच्या गावांत पिण्याच्या पाण्याचा विषय निघाला की मात्र आपण आभाळाकडे बोट दाखवतो. शिरूर आणि शेजारचा दौंड हे पर्जन्यछायेतले तालुके आहेत, इथे पाऊस बेताचाच, हे आपल्या पणज्यालाही ठाऊक होते. आभाळाने आपल्याला फसवलेले नाही. आपली नियत खोटी आहे, आणि ती कुठे खोटी आहे ते आज स्पष्ट बोलले पाहिजे.

पाणीपुरवठ्याची योजना माणसे मोजून आखली जाते. आज किती माणसे आहेत, तीस वर्षांनी किती असतील, दर माणशी किती लिटर द्यायचे, यावरून पाण्याचा उद्भव, जॅकवेल, जलवाहिनी आणि टाकी यांची मापे ठरतात. पंप साधारण पंधरा वर्षांचे धरतात, जलवाहिन्या तीस वर्षांच्या. म्हणजे आज कागदावर चुकलेले डोके तीस वर्षे तहानलेले राहते. या हिशेबाचा पाया आहे २०११ ची जनगणना. २०२१ ची जनगणना झालीच नाही. जुन्या आकड्याला ठरावीक वाढीचा गुणाकार करून पुढची लोकसंख्या काढायची, ही रीत स्थिर गावाला ठीक आहे. पण ज्या गावात एकेका पट्ट्यात रांगेने खोल्या उभ्या राहिल्या, त्या गावाचे काय? मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला कामगार त्या खोल्यांत राहतो. त्याचे मत त्याच्या गावी, रेशनकार्ड त्याच्या गावी आणि तहान मात्र इथे. आपल्या योजनेत तो नाही.

ही चूक फक्त सरकारी बाबूची असती तर अर्ज करून भागले असते. ती आपली आहे. ज्याच्या बारा खोल्या आहेत तो घरमालक दर महिन्याच्या एक तारखेला भाडेकरू अगदी बिनचूक मोजतो. कोणत्या खोलीत दोन पाहुणे जास्त आले, त्यांचे किती जास्त घ्यायचे, हे त्याला तोंडपाठ असते. तोच माणूस ग्रामपंचायतीच्या दप्तरी एकच मिळकत आणि एकच नळजोड दाखवतो, कारण खोल्या दाखवल्या तर घरपट्टी वाढते. एक तारखेला हजर असलेली पन्नास माणसे ग्रामसभेत गैरहजर होतात. पाण्याची योजना मंजूर होते ती या खोट्या हजेरीवर. मग 'पाणी पुरत नाही' म्हणून आपणच ओरडतो.

त्या खोल्यांकडे जरा जवळून बघा. सामाईक नळाला पाणी कधी येईल ते चावी सोडणाऱ्या माणसाच्या हातात. रात्रपाळी करून आलेला कामगार झोप मोडून बादल्या लावून बसतो. तेवढ्यात पुढच्या बंगलेवाल्याने थेट नळाच्या लाइनला विजेची मोटार लावलेली असते. मोटार घरघरली की खोल्यांकडची धार करंगळीएवढी होते आणि मग नळ नुसता हवा टाकतो. या चोरीला आपल्याकडे चोरी म्हणत नाहीत, 'मोटार लावली' म्हणतात. नळ गेला की उरतो वीस लिटरचा जार, किंवा नाणे टाकून पाणी देणारे मशीन. ज्याची कमाई सगळ्यांत कमी, त्याला प्यायचे पाणी सगळ्यांत महाग पडते. आणि हे जार विकणारा धंदा कोणाच्या बोअरवर चालतो, ते शोधायला फार लांब जावे लागत नाही.

गावातल्या वजनदार माणसाने आपली सोय केव्हाच करून घेतली आहे. एक बोअर आटली की दुसरी, तिला पाणी लागले नाही तर टँकर, आणि स्वयंपाकघरात शुद्धीकरणाचे यंत्र. त्याचा सार्वजनिक नळाशी संबंधच उरला नाही. म्हणून ग्रामसभेत प्रवेशद्वाराच्या कमानीवर तासभर चर्चा होते आणि उद्भवाच्या ठरावावर अंगठे उठतात. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी हा पंचायतीचा विषय म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशीच्या ग्रामसभा झेंड्याला सलाम करून घरी जाण्यासाठी ठेवलेल्या नाहीत.

औद्योगिक विकास महामंडळ वसाहत आखते तेव्हा रस्त्याबरोबर पाणीही आखते. पाण्याची हमी नसेल तर कोणता कारखानदार भांडवल घालील? म्हणजे यंत्राला पाणी आधी ठरते. यंत्र चालवणारा रात्री कुठे झोपणार आणि सकाळी काय पिणार, हे कोणीच ठरवत नाही. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, २०१५ साली स्थापन झाले. त्याचा प्रारूप विकास आराखडा २०२१ साली प्रसिद्ध झाला आणि २०२५ साली रद्द करण्याचा निर्णय झाला. या दहा वर्षांत इमारती मात्र थांबल्या नाहीत. सार्वजनिक पाणी येईपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू, असे हमीपत्र बिल्डर लिहून देतो. फ्लॅट विकले जातात, बिल्डर पुढच्या गावी जातो आणि हमीपत्राच्या जागी टँकरचे बिल येते. बांधकामाची परवानगी एकाकडे, धरण दुसऱ्याकडे, योजना तिसऱ्याकडे, नळ ग्रामपंचायतीकडे. चौघांपैकी कोणीही दोषी ठरत नाही, अशी ही सुरेख वाटणी आहे.

पाणीच नाही, हे खरे का? धरणातले पाणी टीएमसीत मोजतात; एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. जलजीवन मिशनने २०१९ पासून ग्रामीण भागाला माणशी रोज ५५ लिटरचे माप धरले आहे. त्या मापाने एक टीएमसी पाणी सुमारे १४ लाख माणसांना वर्षभर पुरते. शहरी १३५ लिटरचे माप धरले तरी पावणेसहा लाखांना पुरते. गळती आणि बाष्पीभवन वजा केले तरी चित्र बदलत नाही. भीमेवरच्या एकट्या चासकमान धरणाची साठवण साडेसात-आठ टीएमसीच्या घरात आहे आणि त्याचा डावा कालवा शिरूर तालुक्यात येतो. दौंडला खडकवासल्याचा कालवा आहे. आता दुसरा हिशेब करा. पाटपाण्यावरच्या एक एकर उसाला वर्षाकाठी दोन मीटर खोलीचे पाणी धरले तर ते ८० लाख लिटर होते. एका माणसाला ५५ लिटरने वर्षाला लागतात २० हजार लिटर. म्हणजे एका एकर उसात चारशे माणसांचे वर्षाचे पाणी जिरते.

मी ऊसवाल्या शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवत नाही. दुसऱ्या पिकाला भावाची शाश्वती असती तर त्याने ऊस धरला नसता. पण त्याच उसाला ठिबक करा म्हटले की ज्यांची तोंडे वाकडी होतात, त्यांनी टंचाईवर भाषणे करू नयेत. आणि त्याच तालुक्यातल्या पाबळ-केंदूरकडे बघा. कळमोडी धरणाचे पाणी मिळावे म्हणून त्या पट्ट्याची वर्षानुवर्षे मागणी आहे, ती दर निवडणुकीत आश्वासन होऊन परत येते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम उभारला तो याच पाबळला. शिकलेला माणूस आपण होऊन तहानलेल्या गावात येऊन राहिला. तहानलेल्या गावांच्या शेजारच्या बागायतदाराला मात्र आपल्या आवर्तनातले थेंबभर पाणी सोडवत नाही.

गावागावांनी मिळून प्रादेशिक योजना करायची म्हटले की आपली आणखी एक खोड बाहेर पडते. 'उद्भव आमच्या शिवारात, मग शेजारच्या गावाला पाणी का?' योजना झालीच, तर वरची गावे टाकी भरून घेतात आणि शेवटच्या गावाला कोरडा पाइप मिळतो. शेवटचे गाव पाणीपट्टी भरणे थांबवते, मग वरचेही थांबवतात, विजेचे बिल थकते, वीज तोडली जाते आणि कोट्यवधींची योजना गंजत पडते. महाराष्ट्रात कित्येक प्रादेशिक योजना अशाच मेल्या. महिन्याला मोबाइलचे रिचार्ज न चुकता करणारे घर वर्षाची पाणीपट्टी थकवते आणि थकबाकी माफ करीन म्हणणाऱ्याला सरपंच करते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

पुण्याच्या नावाने बोटे मोडण्यात आपण पटाईत आहोत, आणि त्यात तथ्यही आहे. पुणे खडकवासल्याचे पाणी पिते आणि आपले सांडपाणी मुळा-मुठेतून दौंडकडे सोडते. रांजणगाव सांडसजवळ ते भीमेला मिळते. नदीकाठच्या विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही, असे दौंडकर सांगतात ते खोटे नाही. पण शिक्रापूरचे सांडपाणी कुठे जाते? सणसवाडीचे कुठे जाते? ते ओढ्याने वेळ नदीत आणि भीमेत जाते, तिथून पुन्हा त्याच दौंडकडे आणि पुढे उजनी धरणात, ज्याचे पाणी सोलापूर पिते. पुण्याने दौंडला जे केले तेच आपण करतो. आपले गाव लहान म्हणून पाप लहान दिसते, इतकेच.

या मातीत पाण्याचा न्याय माहीत नाही, असे कोणी म्हणू नये. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यांनी सरकारी योजनेची वाट पाहिली नाही, स्वतःच्या मालकीच्या पाण्यापासून सुरुवात केली. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले, तेव्हा सार्वजनिक पाणी सर्वांचे, एवढी साधी गोष्ट सिद्ध करायला सत्याग्रह करावा लागला. आणि दौंडला लागून असलेल्या पुरंदरात, नायगावला, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम होता, पाणी जमिनीच्या मापाने नाही तर घरातल्या डोक्यांच्या मापाने. भूमिहीनालाही वाटा. सामाईक पाण्यावर ऊस नाही. पन्नास वर्षांपूर्वी दुष्काळात होरपळलेल्या माणसांनी भूमिहीनाचे डोके मोजले. आज गुंठ्यागुंठ्याने श्रीमंत झालेल्या आपल्याला भाडेकरूचे डोके मोजवत नाही.

'ती बाहेरची माणसे आहेत, आज आहेत उद्या जातील,' हे उत्तर मला पाठ आहे. तुमच्या जमिनीला भाव कोणामुळे आला? कारखाने आले, कारखान्यांना हात लागले, हातांना खोल्या लागल्या, म्हणून. त्यांच्या भाड्यावर तुमच्या मुलांची शिक्षणे झाली, लग्ने झाली. जातीच्या नावाने पाणी अडवणाऱ्यांना आपण आज नावे ठेवतो. भाडेकरू म्हणून पाणी अडवणाऱ्याला आपण व्यवहारी म्हणतो.

तेव्हा येत्या ग्रामसभेत तीन ठराव करा. पहिला, गावात राहणारा प्रत्येक माणूस खोलीगणिक मोजून ती यादी दप्तरी लावा, मग त्याचे मत कुठेही असो. त्यामुळे ज्याची घरपट्टी वाढेल ती वाढू द्या. दुसरा, पुणे-नगर रस्त्यावरच्या आणि भीमाकाठच्या गावांनी, दौंडच्या गावांसकट, पुढच्या तीस वर्षांसाठी धरणातल्या पिण्याच्या पाण्याचे आरक्षण एकत्र मागा, शेवटच्या गावाची टाकी आधी भरेल अशी अट घालून. पाबळ-केंदूर त्या मागणीत पहिल्या ओळीत असू द्या. तिसरा, प्रत्येक जोडाला मीटर बसवा. कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवले आहे. लाइनला लावलेली मोटार सरपंचाच्या भावाची असली तरी जप्त करा, आणि सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नवीन इमारतीला ना हरकत देऊ नका.

हे ठराव मांडायला आमदार लागत नाही, मंत्रालयात जावे लागत नाही. ज्याच्या खोल्या आहेत त्यानेच उठून ते मांडावेत. महिन्याच्या एक तारखेला ज्याने माणूस मोजून पैसे घेतले, त्या माणसाच्या पाण्याची जबाबदारी त्याच दिवशी त्याच्यावर आली. ती तो नाकारत असेल, तर त्याने घेतलेले भाडे हरामाचे आहे.